सखूची सई कधी झाली?

मोगरी

भावाला मुलगी झाली. बारसं या महिन्याच्या शेवटच्या रविवारी. आत्या मी एकटीच, त्यामुळे कानात कुर्रर्र करायचा मान माझा आणि नाव शोधायची कटकटही माझीच. वहिनीच्या अटी तीन: जोडाक्षर नको, दोन अक्षरांपेक्षा मोठं नको आणि वर्गात दुसरी तीच निघायला नको. भावाची अट एकच, आजीची आठवण राहिली पाहिजे. (आजी आहे. ब्याऐंशी वर्षांची आहे, ठणठणीत आहे आणि 'आठवण' म्हटलं की डोळे वटारते.)

आजीचं नाव सुनंदा. रेशनकार्डावर, पासबुकात, दारावरच्या जुन्या पाटीवर, सगळीकडे सुनंदाच. मागच्या आठवड्यात माळा आवरताना एक पितळी तांब्या निघाला. आतली कल्हई उडालेली, बुडाला पोचा आणि गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं: 'चि. सखू हीस मामांकडून १९५९'. त्यातला ख असा काही कोरलाय की मी आधी 'सरवू' वाचलं. ही कोण म्हणून विचारलं तर आजी म्हणाली, "मीच की ती."

जन्म कराडजवळच्या गावातला, म्हणून संत सखूवरून सखू. लग्न होऊन पुण्यात आली तेव्हा आजोबांनी ताटातल्या तांदळात 'सुनंदा' लिहिलं, कारण पणजी म्हणाली होती, "सखू नको बाई, आपल्याकडे भांडी घासायला येते तीही सखूच."

म्हणून मला 'सई' सुचलं. माझ्या समजुतीप्रमाणे सई म्हणजे सखी आणि सखू म्हणजेही सखीच. मग एकीच्या वाट्याला पाळणा आणि दुसरीच्या वाट्याला मोरी, हे कधी झालं? आणि 'सई' आता फार झालंय का? जाणकारांनी सांगावं. अजाणकारांनीही सांगावं, तसंही ते सांगतातच.

टिवल्याबावल्या

आधी तांब्याला कल्हई करून घ्या. कल्हई, कल्हई म्हणता म्हणता सई आपोआप येईल. (दिवे घ्या.)

फलटणकरीण

आमच्या गावचा विषय निघाला म्हणून लिहिते. सईबाई म्हणजे शिवाजी महाराजांच्या पहिल्या पत्नी, माहेर फलटणच्या निंबाळकरांचं. ५ सप्टेंबर १६५९ ला राजगडावर गेल्या. संभाजीराजे तेव्हा जेमतेम सव्वादोन वर्षांचे आणि अफझलखानाची भेट दोन महिन्यांवर आलेली. राजगडाच्या पायथ्याशी पाल गावात त्यांची समाधी आहे. गडावर धावत सुटणाऱ्यांपैकी फार थोडे तिथे वाकडी वाट करतात.

पण मोगरी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याच घरात आहे. सईबाईंच्या थोरल्या लेकीचं नाव सखूबाई! पुढे ती बजाजी निंबाळकरांच्या मुलाला, महादजींना दिली, म्हणजे आईच्याच माहेरी सून म्हणून गेली. आई सई, लेक सखू. सतराव्या शतकात राजाच्या घरात दोन्ही नावं एका पाळण्याखाली नांदत होती. तेव्हा सखू हे काही मूळचं मोरीवरचं नाव नव्हे, हे पणजींना माझ्यातर्फे सांगा.

मोगरी

पणजी १९७१ सालीच गेल्या, नाहीतर नक्की सांगितलं असतं. पण आई सई आणि लेक सखू हे खरंच डोक्यात आलं नव्हतं. आभार!

बाकावरची_बाई

मी प्राथमिक शाळेत तीस वर्षं काढली. लोक जुने फोटो जपून ठेवतात, मी हजेरीपट जपून ठेवलेत. १९९३ च्या पहिलीत सई एकही नाही. स्नेहल चार, पूजा तीन, प्रियांका दोन, सायली दोन. २००९ च्या पहिलीत तीन सया. (सईचं अनेकवचन सयाच ना?) एक सई ज., एक सई प. आणि तिसरीला मुलांनीच 'उंच सई' केलं. निवृत्तीच्या वर्षी मात्र एकच होती. तोवर अन्वी, ओवी, स्वरा, आर्या यांची रांग लागली होती. तेव्हा वहिनींना सांगा, लाट ओसरली आहे, काळजी नको.

माझा स्वतःचा हिशोब असा. आमच्या आईच्या पिढीत कुसुम, सुमन, मालती, शकुंतला. आमच्या वेळी सुनीता, अनिता, संगीता, त्यानंतर स्वाती, वैशाली, मनीषा. नाव साधारण पंचवीस-तीस वर्षं मावशीचं असतं, पुढची पंचवीस-तीस आजीचं. पणजीचं झालं की ते पुन्हा गोड वाटायला लागतं, कारण त्या नावाची रागीट बाई आठवणारं कोणी उरलेलं नसतं. कुसुम अजून आजी आहे. थांबा दहा वर्षं.

कुसुम_काकू

अजून आजी आहे आणि सगळं वाचते आहे.

बाकावरची_बाई

काकू, नमस्कार करते. _/\_

एक_सई

आयडीवरून कळलं असेलच. जन्म १९८९, तेव्हा आमच्या गल्लीत हे नाव कोणाला माहीत नव्हतं. सई परांजपे, एवढाच खुलासा बाबांना करता यायचा. पुढे सई ताम्हणकर आल्या आणि खुलासा करायची गरज संपली, पण 'तिच्यावरून ठेवलं का?' हे सुरू झालं. काका, ती माझ्याहून तीनच वर्षांनी मोठी आहे हो!

नाव सुंदर आहे, मला आवडतं, पण इंग्रजी स्पेलिंगचा ताप सांगून ठेवते. बाबांनी शाळेत एस-ए-आय लिहिलं आणि मी जगासाठी साई झाले. एका बँकेने कार्ड पाठवलं त्यावर 'श्री. साई'. बंगळुरूच्या ऑफिसात पहिल्या दिवशी टेबलावर पाटी तयार होती आणि शेजारी पुरुषांच्या मापाचा टीशर्ट. दक्षिणेत साई मुलाचंही असतं आणि मुलीचंही. साई पल्लवीमुळे हल्ली थोडं बरं आहे, निदान बाई असू शकते एवढं लोकांना पटतं. पण मी साई नाही, सई आहे, स वर काना नाही, हे मी आयुष्यात किती वेळा म्हटलं असेल याची गणती नाही. बारावीनंतर डबल ई करून घ्यायचं ठरवलं. त्यासाठी राजपत्रात नाव छापून आणावं लागेल म्हटल्यावर बाबा म्हणाले, राहू दे, साईबाबा बघतील.

मोगरी, ठेवायचंच असेल तर पहिल्या दाखल्यापासून एस-ए-डबल ई.

आणि हो, गावाकडे पोस्टात गेले होते तेव्हाचं. मास्तरांनी पावती पुढे सरकवली आणि म्हणाले, "सई, हितं सई कर."

टिवल्याबावल्या

आणि सईने सई केली ती सही होती का?

सुतावरून_स्वर्ग

'सई म्हणजे सखीच' हे सगळे गृहीत धरून चालले आहेत, म्हणून थोडा खडा टाकतो.

वररुचीच्या प्राकृतप्रकाशात, म्हणजे प्राकृतच्या जुन्या व्याकरणात, सूत्र आहे: 'कगचजतदपयवां प्रायो लोपः'. शब्दाच्या मधे आलेले क, ग, च, ज, त, द, प, य, व बहुधा गळतात. सूचीची सुई झाली ती अशी. आता याच नियमाने 'सती'चं काय होईल? सई. इंद्राणी 'शची'चं? सई. 'शती' म्हणजे शंभरांचा समूह, त्याचं? तेही सई. हाल राजाच्या गाथासप्तशतीला (सातशे प्राकृत गाथांचा संग्रह) प्राकृतात 'सत्तसई' म्हणतात, हिंदीत 'सतसई' म्हणतात, त्यातली सई ही हीच. उलट 'सखी'चं प्राकृत रूप 'सही' होतं, कारण तिथे दुसरं सूत्र लागतं: 'खघथधभां हः'. दधिचं दही झालं तसं. म्हणजे सती, शची आणि शती सरळ रस्त्याने सईपर्यंत पोचतात आणि तुमची सखी मात्र ह पाशी अडकते.

जाता जाता: त्याच सत्तसईत 'असई' हा शब्द वारंवार येतो. असई म्हणजे असती, नवऱ्याची नजर चुकवून जाणारी. त्या गाथा फार मजेच्या आहेत, पण बारशाला नकोत.

गुळांबा

म्हणजे 'सई आहे का घरी?' 'नाही.' 'मग असई झाली!'

रावळनाथ

स्वर्गराव, सुतावरून नेहमीप्रमाणे वर गेलात. व्युत्पत्ती नियमांवरून शक्य कोटीत येते, पण खरी ठरते ती वापरावरून. मराठी बाई फुगडी घालताना, दळताना, पाणी भरताना दुसरीला 'सये' म्हणते तेव्हा ती तिला सती म्हणत नसते, इंद्राणी तर नाहीच नाही आणि शंभर बायका तर मुळीच नाही. तिला मैत्रीणच म्हणायचं असतं. त्याच गाथांमध्ये बाई मैत्रिणीला 'सहि' अशी हाक मारून आपलं गाऱ्हाणं सांगते. ही हाक दोन हजार वर्षं त्याच तोंडी, त्याच कामाला आहे. आणखी काय पुरावा हवा?

सुतावरून_स्वर्ग

भाव कळला. पण 'ह' कुठे गेला ते सांगा. दह्यातला ह अजून जागेवर आहे. बहिणीतला आहे. सहीतलाच का पळाला?

ओसरी

मी भाषेची अभ्यासक वगैरे नाही, बाग आहे. त्यावरून सांगू का?

जाई आणि जुई. जाई आली संस्कृत 'जाती'वरून, मधला त गळून. जुई आली 'यूथिका'वरून. तिचं प्राकृतात 'जूहिआ' झालं, म्हणजे थ चा ह. हिंदीत तो ह राहिला आणि 'जूही' झाली. मराठीत तोही गळला आणि 'जुई' झाली. मग जूहीची जुई होऊ शकते तर सहीची सई का नाही?

माझ्या अंगणात दोन्ही वेल एकाच मांडवावर आहेत. आज जुईच्या कळ्या वेचताना हे सुचलं आणि परडी तशीच ठेवून लिहायला बसले आहे.

रावळनाथ

ओसरीताई, साष्टांग. ह सापडला.

सुतावरून_स्वर्ग

मान्य. जुईपुढे हात टेकले. सती आणि शची परत घेतो. सत्तसई मात्र घेणार नाही, ती माझी आवडती आहे.

लखनवी_मराठी

इकडे उत्तर प्रदेशात सई ही नदी आहे. रायबरेली, प्रतापगडवरून येते आणि जौनपूर जिल्ह्यात गोमतीला मिळते. तुलसीदासांकडेही ती आहे. चित्रकूटहून परतताना भरताची मंडळी सई ओलांडून गोमतीत न्हातात आणि मग अयोध्येला पोचतात. माझ्या मुलीचं नाव सई. इथल्या शेजाऱ्यांना वाटतं आम्ही नदीवरून ठेवलं. गंगा, यमुना, गोमती एवढ्या मोठमोठ्या सोडून हीच का, असं एक आजोबा विचारतात. मी सांगतो, छोटी आहे ना अजून.

२०२० साली एक हिंदी मालिका सुरू झाली, तिची नायिका गडचिरोलीची सई जोशी. तेव्हापासून मात्र नाव समजावून सांगायला लागत नाही. फक्त 'तुमची सईही डॉक्टर होणार का' एवढं विचारतात.

चिंचपेटी

व्युत्पत्ती झाली, नदी झाली, जुई झाली. मोगरीचा खरा प्रश्न तसाच राहिलाय: मोरी आणि पाळणा. त्यावर सगळे गोड बोलून पुढे सरकताहेत.

सखू हे नाव खाली आलं ते अर्थामुळे नाही की आवाजामुळे नाही. ते कामवाल्या बाईचं नाव ठरवलं गेलं म्हणून आलं. नाटकं, एकांकिका, विनोदी कथा, आठवा. पडदा उघडतो, बाई केर काढते आहे, तिचं नाव काय? सखू नाहीतर गंगू. गडी असला तर तो सखाराम नाहीतर गणपत. लिहिणारे कोण होते, बघणारे कोण होते आणि केर काढणारी कोण होती, हे वेगळं सांगायला नको. घरोघरी सखू होत्याच, पण त्या शेतावर, गिरणीच्या चाळीत, वारीत होत्या. पांढरपेशा घराला सखू भेटली ती मागच्या दाराने, म्हणून नावही मागच्या दाराचं झालं.

सईला ते भोगावं लागलं नाही, कारण मधली दोन-तीनशे वर्षं ती इतिहासाच्या पुस्तकात महाराणी म्हणून सुखरूप राहिली. सखू लोकांच्या तोंडात राहिली आणि जी नावं लोकांच्या तोंडात राहतात ती झिजतात.

उंबरठा

चिंचपेटी, बरंचसं पटलं, सगळं नाही. मग मुक्ता का टिकलं? मुक्ताबाई तर अगदी लोकांच्या तोंडात. आणि जना का नाही टिकलं? मला वाटतं शेवटचा ऊ नडला. सखू, गंगू, यमू, ठकू, बनू, धोंडू. ही खरं तर घरातली लाडाची रूपं. बाहेरच्या जगात पूर्ण नावाला 'बाई' लागायचं: सखूबाई, गंगूबाई. पुढे नावामागचं 'बाई' गळालं आणि उरलेलं सखू उघडं पडलं. 'सई'तलं 'बाई' काढलं तरी ती पूर्णच वाटते.

चिंचपेटी

ऊ नडला म्हणता, मग तनू, मनू, अनू, रेणू? त्यांना कोणी केर काढायला लावला नाही. आणि जनाचं तुम्हीच विचारलंत म्हणून: जनाबाई कोणाच्या घरी दळत होती? नामदेवांच्या. स्वतःला नामयाची दासी म्हणवते. मुक्ताबाई ज्ञानेश्वरांची बहीण. आता सांगा कुठलं टिकलं आणि का.

उंबरठा

...यावर मी जरा विचार करून येतो.

कराडचा_पाहुणा

गंमत बघा. संत सखूची गोष्टच कामाची आहे. सासू छळते, पंढरीला जाऊ देत नाही, बांधून घालते. मग विठ्ठल सखूचं रूप घेऊन तिच्या घरी राहतो, दळतो, कांडतो, पाणी भरतो आणि ती वारीला जाते. १९४१ साली प्रभातने चित्रपट काढला तेव्हा घराघरात पोचलेली गोष्ट ही. म्हणजे प्रत्यक्ष देव सखू होऊन मोरीत बसला तरी नाव वर आलं नाही. आता बोला!

निवांत_पाटील

विषयाला सोडून, पण नावाचाच विषय आहे म्हणून. सातारा जिल्ह्यात 'नकुशा' नावाच्या मुली असायच्या. मुलगा हवा असताना पुन्हा मुलगी झाली की 'नको असलेली'. २०११ साली जिल्हा परिषदेने शोधून शोधून दोनशेहून जास्त मुलींची नावं बदलून घेतली. आमच्या वस्तीवरच्या एकीने स्वतःचं नाव स्वतः निवडलं, तेव्हा नववीत होती. मी विचारलं, हेच का? म्हणाली, "छोटं हाय, पटकन लिवून होतं." एवढाच निकष. अर्थबिर्थ तिला आयुष्यभर पुरला होता.

बाकावरची_बाई

यावर काही लिहिता येत नाही. फक्त वाचलं एवढं सांगते.

गुळांबा

सोनाराने कान टोचले. वर मी 'असई'चा विनोद केला होता, तो तेवढा जरा फिका वाटायला लागला.

कुसुम_काकू

ताटातल्या तांदळाबद्दल कोणीच बोललं नाही. माझंही बदललं होतं. मी माहेरची कुसुम, सासरी 'वसुधा' केलं. ह्यांनी अंगठीने तांदळात लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पुढचे दोन महिने 'वसुधा' हाक आली की मी मागे वळून बघायची, कोणाला बोलावतात म्हणून. एकदा दूध उतू गेलं ते त्यामुळेच. शेवटी सासरे म्हणाले, हिला कुसुमच म्हणा, दूध परवडत नाही. असं माझं नाव दुधाने परत मिळवलं.

टिवल्याबावल्या

काकू, या धाग्याचा आजचा हार तुम्हाला.

रावळनाथ

मूळ मुद्द्याला एक पुस्ती. सखी, सई, सखू अशा तिघी. यातली 'सखी' आता नाव म्हणून जोरात आहे, सखी गोखले तर सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे संस्कृत रूप चाललं, प्राकृत रूप चाललं आणि आपल्या बोलीतलं लाडाचं रूप तेवढं चाललं नाही. आपण दूरच्या नातेवाइकांना मान देतो आणि घरातल्याला पाणी आणायला पाठवतो, तसं आहे हे.

एक_सई

आणि 'सय' राहिली की! सय म्हणजे आठवण. सई परांजप्यांच्या आत्मकथनाचं नाव 'सय' आहे. मला कॉलेजात कोणीतरी 'सईची सय' असं चिठ्ठीत लिहून दिलं होतं. अक्षर घाण होतं म्हणून प्रकरण पुढे गेलं नाही.

गुळांबा

काना नव्हता ना पण?

एक_सई

काना नव्हता. वेलांटीच ऱ्हस्व होती.

मोगरी

सगळ्यांचे मनापासून आभार. आजीला यातलं बरंच वाचून दाखवलं. सईबाई आणि सखूबाई मायलेकी होत्या हे ऐकून "बरं" म्हणाली. जुईचं ऐकून "खरं हाय" म्हणाली. चिंचपेटीचा पहिला प्रतिसाद दोनदा वाचायला लावला.

मला वाटत होतं, आजीचं नाव तिच्याकडून काढून घेतलं, आपण ते परत देतोय. तसं मी तिला म्हटलंही. त्यावर ती जे म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते:

"परत कशाला? सखू होते तवा अंगठा होता माजा. सुनंदा झाले आन् तुज्या आजोबानं पाटीवर गिरवून घेतलं, तवा सई शिकले. सखू म्हून म्या कदी सई केलीच न्हाय."

मी गप्प बसले. मग तीच म्हणाली, "सई म्हंजी मैतरीण ना? ठेव मग. सुनंदा नगं, लई जोडाक्षरं पडत्यात."

(सुनंदात जोडाक्षर नाही, अनुस्वार आहे, हे मी बोलले नाही. मला अक्कल आहे.)

सुतावरून_स्वर्ग

अनुस्वार म्हणजे इथे अर्धा न्. आजी बरोबर आहेत.

चिंचपेटी

अंगठा आणि सईचं वाचून बराच वेळ काही लिहवलं नाही. मी सुनंदाला खलनायिका करून टाकलं होतं मनातल्या मनात. आजींना नमस्कार.

बाकावरची_बाई

बारशाचा वृत्तान्त हवा.

मोगरी

काल बारसं झालं. पाळण्याला झेंडूच्या माळा बांधल्या होत्या, त्यातल्या एका फुलात मुंगळा निघाल्यामुळे उत्सवमूर्ती सोडून सगळ्या पळाल्या. ती झोपलेली. चार बायकांनी माझ्या पाठीत धपाटे घातले, एकीचा जरा जास्तच लागला, मी कुर्रर्र केलं आणि सई म्हटलं. वहिनीने दाखल्याच्या अर्जावर डबल ई लिहिलंय, एक_सई यांना कळवावं.

आता तांब्याचं. कल्हई करून आणला, पोचा काढून घेतला. म्हटलं यावर सईचंही नाव घालू. भांड्याच्या दुकानात आता ठिपक्यांचं काम नाही, मशिनची सुई असते, तिचा दाताच्या डॉक्टरसारखा आवाज येतो. आजी हट्टाने बरोबर आली होती. दुकानदाराने तांब्या फिरवून मोकळी जागा शोधली आणि विचारलं, काय नाव घालायचं? मी 'चि. सई' सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आजीने तांब्या त्याच्या हातातून काढून घेतला.

"नाव हाय की त्याच्यावर," म्हणाली.

पैसे विचारले तर तो म्हणाला, काही केलंच नाही तर कसले पैसे.

फलटणकरीण

वा.

कुसुम_काकू

पिशवीत घालून आणलात की हातात?

मोगरी

हातात. आजीने, रिक्षात, मांडीवर.

सुतावरून_स्वर्ग

तांब्याचा फोटो टाका ना. तो रव सारखा दिसणारा ख बघायचा आहे.

मोगरी

टाकते सकाळी. आत्ता आजीच्या उशाशी पाणी भरून ठेवलाय.